निळा धूर

हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिणारी गाडी! एका गॅरेजवाल्याने थेट इंजिन बोअर करायला सांगितलं. खर्च ऐकून सूनबाईंनी मुलांच्या फीचे पैसे आधी कपाटात टाकले. अण्णा मात्र पहाटे सायलेन्सरमागे जाऊन उभे राहिले. खाली फरशीवर थेंबही नव्हता. सुरू करताच निळा धूर, मग साफ. घाट चढतानाही धूर नाही. हे ऐकून म्हातारा मिस्त्री म्हणाला, "अण्णा, रिंगा झिजल्या असत्या तर चढावर धूर आला असता. व्हॉल्व्हचे सील कडक झालेत, रात्रभर ऑइल आत झिरपतंय." कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखंच निघालं. सील बदलले. आता अण्णा रोज डिपस्टिक पुसून बघतात. फीचे पैसे मात्र सूनबाईंनी अजून लपवूनच ठेवलेत.