पालकांनी लक्ष द्यावे



नवीन लागलेल्या मैत्रिणींचा फोन आला की एक प्रश्न हमखास असतो, "शाळा आणि घर दोन्ही कसं जमवतेस ग?" खरं सांगू? पहिल्या वर्षी मला ते अजिबात जमलं नव्हतं. आणि जमत नाहीये, हे कळायलासुद्धा सहा महिने लागले. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

डी.एड. होऊन पंधरा वर्षं झाल्यावर, 2024 मध्ये पवित्र पोर्टलमधून माझी शिक्षण सेवक म्हणून निवड झाली. मधली वर्षं भरतीची वाट पाहण्यात गेली. खासगी शाळेत शिकवलं, घरी शिलाई मशीन चालवली. त्यामुळे घाटंजी तालुक्यातली ही छोटी शाळा मिळाली, तेव्हा ठरवून टाकलं होतं की आता जीव ओतून काम करायचं. तीन वर्षं सेवक, महिना 16,000 रुपये मानधन, पण आपली शाळा!

शाळा द्विशिक्षकी. पटावर 34 मुलं. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मोठ्या सरांकडे. काही मुलं कोलाम पोडावरची. घरात कोलामी, शाळेत मराठी. त्यांच्यासाठी चित्रं, शब्दपट्ट्या लागायच्याच. त्या मी रात्री घरी कापत बसायची. वह्यांचा गठ्ठा स्कुटीच्या डिकीत. जेवण झालं की टाचण. त्यात ग्रुपवर संदेश यायचा, "माहिती आजच्या आज भरावी." नोव्हेंबरमध्ये निवडणुकीचं प्रशिक्षण आणि 20 तारखेचं विधानसभेचं मतदान झालं. मग राहिलेला अभ्यासक्रम भरून काढायची घाई. रोज अकरा वाजायचे. दमायची, पण मनातून बरंही वाटायचं. चांगली शिक्षिका अशीच असते, असा माझा समज होता.

डिसेंबरमध्ये एका रविवारी मुलीचं दप्तर धुवायला काढलं. ती तेव्हा दुसरीत होती. वहीत लाल पेनाने लिहिलं होतं, "अभ्यास अपूर्ण. पालकांनी लक्ष द्यावे." तारीख आठ दिवसांपूर्वीची. मी तिला रागावले, "दाखवली का नाहीस?" ती म्हणाली, "तू वह्या तपासत होतीस ना."

मी पुढे काही बोलूच शकले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या उघडल्या. दुसरीतल्या एका मुलाच्या वहीवर तेच वाक्य होतं. अक्षर माझं. त्याआधीच्या आठवड्यातही तेच. मी सवयीने लिहीत गेले होते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेले, तर कुलूप. कापूस वेचणीचे दिवस. दाराशी थांबले. अंधार पडता पडता आई आली, डोक्यावर सरपणाचा भारा. मी वहीचं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मी सकायी सातले वावरात जातो, आता आलो. मले वाचता नाई येत. पोरगा म्हणे, मॅडमनं चांगलं लिवलं."

विचार करा, ज्या घरात लक्ष द्यायला वेळच नाही, तिथे मी माझं काम पाठवत होते. आणि शाळेचं काम घरी आणून माझ्या घरातला वेळही संपवत होते.

हे सगळं मोठ्या सरांना सांगितलं. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं होती. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, शाळेचं शाळेत संपवायला शिका. आणि टाचण हे बी कामच हाय, ते रात्रीवर ढकलू नका." मग त्यांनी शिक्षण हक्क कायदा 2009 ची पुस्तिका काढून दिली. डी.एड. ला सुरुवातीला हा कायदा नव्हता आणि नंतर परीक्षेसाठी पाठ केला, पण स्वतःसाठी कधी वाचला नव्हता. त्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास सांगितलेत, आणि त्यात पूर्वतयारीचे तास धरलेले आहेत. म्हणजे तयारी हा कामाचाच भाग आहे, उरलेल्या वेळात करायची गोष्ट नाही. कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं आपल्याला देता येतात असंही आहे. ती टळत नाहीत. मग बाकीचं तरी नीट बसवायला हवं.

आम्ही दोघांनी मिळून हे बदल केले :

1. वह्या वर्गातच तपासायच्या. रोज पाच-सहा मुलं, प्रत्येकाला शेजारी बसवून. चूक त्याच्यासमोर दुरुस्त होते. घरी गठ्ठा नेणं बंद.

2. शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून दुसऱ्या दिवसाचं टाचण तिथेच लिहायचं.

3. ऑनलाइन माहिती एका दिवशी सर भरतात, एका दिवशी मी. तेव्हा दुसऱ्याने चारही वर्गांना गोष्ट, गाणी, खेळ घ्यायचे.

4. पहिली-दुसरीला घरचा अभ्यास असा द्यायचा, की मूल एकटं करू शकेल. पालकांशी बोलायचं ते समोर भेटून, वेचणीच्या दिवसांत अंधार पडल्यावर किंवा बाजाराच्या दिवशी.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. "आजच्या आज" अजूनही येतं आणि महिन्यातून दोन-चार रात्री जातातच. पण तो मुलगा आता जोडाक्षरं सोडून बाकी वाचतो. त्यासाठी मी जास्त तास काम केलं नाही, रोज दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसले. आणि घरी सात ते आठ मोबाईल सासूबाईंच्या कपाटात असतो. तेव्हा मुलगी मला वाचून दाखवते. मध्येच मला डुलकी लागली की कोपराने ढोसते.

नवीन लागलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, दमणं म्हणजे चांगलं शिकवणं नव्हे. आणि पालकहो, तुमच्या मुलाच्या वहीत कधी असा शेरा आला, तर मनाला लावून घेऊ नका. शाळेत येऊन तुमचा दिवस कसा जातो, ते सांगा. आम्हाला ते माहीत नसतं.

ते वाक्य मी आता लिहीत नाही. लिहायला पेन उचललाच, तर आधी स्वतःला विचारते, "मॅडम, तुम्ही दिलं का लक्ष?"