बघणाऱ्याच्या हाती काय आहे?

बाबा मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीचे खजिनदार होते तेव्हा हिशेब लाल बांधणीच्या कीर्द-खतावणीत असायचा. रात्री जेवण उरकून एखादा सभासद येई, आपलं पान काढून थकबाकी बघे आणि दोन शब्द भांडून जाई. वाचता येणं एवढीच अट होती.

फोर्टमधल्या माझ्या पहिल्या नोकरीत लोटस १-२-३ होतं. तिरकी रेघ दाबली की वर मेनू उघडे. एक आकडा बदलला की खालच्या साऱ्या बेरजा आपोआप बदलत. १९७९च्या व्हिसिकॅल्कने आणलेली ही करामत मी घरी हरखून सांगितली. बाबांनी कौतुकाने ऐकलं आणि विचारलं, "पण सभासदांनी बघायचं कुठे?"

पुढे सोसायटीतही संगणक आला आणि हिशेब खजिनदाराच्या घरात बंद झाला. नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सगळी नावं निरर्थक इंग्रजी अक्षरं होऊन जात. युनिकोड रुळल्यावर ती अडचण सुटली. ज्यांनी हे भोगलं नाही त्यांना या सुटकेचं मोल कळणार नाही.

खजिनदारपद माझ्याकडे आलं तेव्हा बिलं एक्सेलमधल्या मॅक्रोच्या बटणावर निघत. बटण सुरेख होतं, पण मोबाइलवर ते चालत नाही आणि गूगल शीट्सही ते चालवत नाही. आमच्याकडे तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे फक्त साधा अँड्रॉइड फोन, सेक्रेटरींकडे विंडोज, आणि एक सभासद बोरिवलीहून आयपॅडवर बघतात. मी सोय मोजली ती काकूंच्या फोनवरून. मॅक्रो काढले आणि सगळं साध्या सूत्रांवर आणलं: बेरीज, शोध, आणि थकबाकीवर आमच्या सभेने ठरवलेलं २१ टक्के सरळ व्याज. रोजचं काम गूगल शीट्सवर, सभासदांना फक्त बघायची परवानगी. शीटची सेटिंग भारताची केली, म्हणजे आकड्यांत लाखाचा स्वल्पविराम जागेवर पडतो. शिवाय दर तिमाहीला एक प्रत ओडीएस स्वरूपात उतरवून ठेवते. ते खुलं स्वरूप २००६ साली आयएसओ मानक झालं. कंपनीचं धोरण उद्या बदललं तरी आमचा हिशेब तिच्या मर्जीवर राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

याची कसोटी पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यावर लागली. सिंकिंग फंडाचा जुना हिशेब हवा होता, आणि तो लोटसच्या डब्ल्यूके१ फाइलींत, कुणीतरी सीडीवर उतरवलेला. एक्सेलने ही जुनी स्वरूपं २००७च्या आवृत्तीपासून उघडणं सोडलं आहे. मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसने मात्र त्या फाइली उघडल्या. रकाने जागच्या जागी, सूत्रंही जिवंत. मग बेरजा कीर्दीशी ताडून पाहिल्या आणि वर्षामागून वर्ष नव्या शीटमध्ये आणली. समितीच्या बैठकीआधीच काकूंनी फोनवर ती वाचली होती, आणि पाणीपंपाच्या दुरुस्तीचा खर्च या फंडातून का गेला, हा पहिला प्रश्न त्यांचाच होता. त्याचं उत्तर सेक्रेटरींना सभेच्या इतिवृत्तात शोधावं लागलं.