अंबाझरीवरची जांभळट झाक
मृगाच्या तोंडावर नागपुरात अंबाझरी तलावावर वीज लखलखते, तेव्हा तिच्या जांभळट झाकेत हवेतल्या नायट्रोजनचाही वाटा असतो. वेगवान इलेक्ट्रॉन रेणूवर आदळतो, रेणू उद्दीपित होतो, म्हणजे वरच्या ऊर्जापातळीवर जातो, आणि खाली उतरताना प्रकाश सोडतो. प्रयोगशाळेत हाच आघात मोजताना, निर्वात केलेल्या कोठीत अत्यल्प दाबाचा नायट्रोजन सोडून त्यातून ठरावीक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत धाडतात आणि झोताला काटकोनात निघणारे प्रकाशकण एकेक मोजतात. ऊर्जा सुमारे ११ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली असेतो ३३७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मुळीच उमटत नाही. तो उंबरठा ओलांडताच मात्र हा प्रकाश झपाट्याने वाढून १४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास शिखर गाठतो आणि पुन्हा ओसरतो. हा चढउतार खरोखर देखणा आहे, कारण अदृश्य रेणू आघाताने उद्दीपित होण्याच्या शक्यतेचे माप, म्हणजेच छेदक्षेत्र, त्यातूनच हाती येते.