विक्रांतचं लोखंड

इंदूरला समुद्र नाही. तरी माझ्या बहिणीच्या अंगणात एका विमानवाहू युद्धनौकेचा अंश उभा असतो. तिच्या घरची बजाज व्ही मोटारसायकल २०१६ सालची. ‘आयएनएस विक्रांत’ मोडीत निघाल्यावर तिचं काही लोखंड बजाज ऑटोने घेतलं आणि वितळवून या गाड्यांसाठी वापरलं. गाडी पुसता पुसता चौदा वर्षांच्या भाच्याने विचारलं, “मामा, बाकीचं जहाज कुठे गेलं?” ते सांगण्यापेक्षा दाखवावं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अवंतिका एक्सप्रेस पकडली.

उज्जैन मागे पडलं. रतलामला ताईच्या डब्यातल्या पुऱ्या-बटाटे उघडले आणि गोष्ट सुरू झाली. ४ मार्च १९६१ला बेलफास्टमध्ये, ब्रिटनमधल्या भारताच्या तेव्हाच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडितांच्या उपस्थितीत विक्रांत नौदलात दाखल झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. १९७१च्या युद्धात तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, पूर्ण वेग घेता येत नव्हता. तरी ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. भाचा बॉयलरपाशीच अडकला. “बिघडलेलं असताना पाठवलं?” हे त्याने दोनदा विचारलं.

१९९७मध्ये ती निवृत्त झाली. २००१पासून ती मुंबईत तरंगतं संग्रहालय होती आणि तिथे मी तिला पाहिलं होतं. आठवतो तो तेल आणि गंज यांचा मिसळलेला वास, चढताना हाताला गार लागणारे लोखंडी कठडे, आणि डेकच्या पुढच्या टोकाला विमानांसाठी केलेला चढ. दोनशे मीटरहून लांब जहाज पायांखाली आहे हे फोटोतून कधीच कळत नाही.

२०१२मध्ये सुरक्षेच्या कारणाने संग्रहालय बंद झालं. तिला कायमचं उभं करायचं तर गोदीची जागा, तळाची सततची दुरुस्ती आणि दरवर्षीचा पैसा हवा होता. यांतलं काहीच ठरेना. लिलाव झाला, वाचवण्यासाठीच्या याचिका न्यायालयात टिकल्या नाहीत. २०१४च्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात, जिथे जहाजं मोडतात तिथे, गॅस-कटर चालू झाले. मला आजही वाटतं, पुरेसा वेळ होता. १९९७ ते २०१४ ही सतरा वर्षं काही कमी नव्हती.

मुंबई सेंट्रलला उतरून आम्ही फोर्टात गेलो. नौदल गोदीच्या लायन गेटसमोर, रहदारीच्या मधोमध, शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी विक्रांतच्याच धातूतून घडवलेलं स्मारक आहे. जानेवारी २०१६मध्ये त्याचं अनावरण झालं. भाचा बराच वेळ निरखत राहिला, मग म्हणाला, “आपल्या गाडीचं भावंडच हे.”

नंतर रे रोडला उतरून दारूखान्याच्या रस्त्याने थोडं चाललो. साखळ्या, नांगर, दोरखंड, जहाजांतल्या खुर्च्या अशा सुट्या वस्तूंची दुकानं. कुठली वस्तू कुठल्या जहाजाची, हे विचारल्यावर बहुतेकांनी मान हलवली. तिथे मला नेमकं दुखलं. वस्तू उरते, पण तिचं नाव सुटलं की ती नुसती भंगार होते. याच्या उलट, जुन्या विक्रांतची घंटा २०२२मध्ये दाखल झालेल्या नव्या विक्रांतला देण्यात आली, आणि ती कुठून आली हे तिथल्या प्रत्येक खलाशाला ठाऊक असणार. जुन्या विक्रांतवर होती तशी सी हॉक आणि अलिझे विमानं गोव्यातल्या नौदल विमान संग्रहालयात उभी आहेत. तिथे पुढच्या सुट्टीत जायचं ठरलं.

परतीच्या गाडीत मी पाकिटातून विक्रांत संग्रहालयाचं माझं जुनं प्रवेश-तिकीट काढलं. घड्यांवर फाटत आलेलं, शाई फिकट. भाच्याला ते हवं होतं. दिलं, पण आधी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहायला लावलं: जहाजाचं नाव, ठिकाण, कुणाकडून मिळालं, आजची तारीख. बॉलपेनची शाई कागदात उतरते आणि पुढे पसरते, म्हणून पेन्सिलच. वडोदरा येईपर्यंत तो लिहीत होता. ‘बॉयलरला तडा होता’ हेही त्याने शेवटी बारीक अक्षरात घातलं.