शेवटचा ‘ए’

अरुण आणि अरुणा ही नावं रोमन लिपीत सहज वेगळी राहतात. शेवटी ‘ए’ आला की मुलगी. कृष्ण आणि कृष्णा यांचं स्पेलिंग मात्र एकच. नावाच्या शेवटी जोडाक्षर असलं की तो ‘ए’ अनेकदा टाळता येत नाही, आणि तो ऱ्हस्व ‘अ’ की दीर्घ ‘आ’, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून महेंद्रचा महेंद्रा होतो, जितेंद्रचा जितेंद्रा. घरात ज्याला कुणी तशी हाक मारत नाही, त्याची वर्गात हजेरी मात्र तशी लागते.

कुणी म्हणेल, रामा, कृष्णा, गोविंदा ही पुरुषांची नावं आपल्याकडे आहेतच की. आहेत, पण ती बोलीतून, मायेच्या हाकेतून घडली. महेंद्रा आला तो फॉर्मवरच्या स्पेलिंगमधून. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. हंटर लिप्यंतर पद्धतीत दीर्घ ‘आ’वर आडवी रेघ देण्याची सोय आहे, पण रोजच्या कागदपत्रांत ती कोण देतो? तेव्हा निदान शाळांनी आणि वृत्तनिवेदकांनी नाव देवनागरीतच लिहून घ्यावं आणि तसंच उच्चारावं.