पहिली ते दहावीची सुट्टी

थोरली पहिलीत जाईपर्यंत ‘हंगाम’ या गोष्टीशी आमचा कधी संबंधच आला नव्हता. मनात आलं की निघायचं. ऐन जुलैत महाबळेश्वरला गेलो होतो. हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं, लंगोट वाळायला तयार नव्हते, पण खोली निम्म्या भावात मिळाली म्हणून नवरा परतीच्या वाटेवरसुद्धा खूश होता. मग शाळेने वर्षाचं वेळापत्रक हातात ठेवलं. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळा. हॉटेलं स्वस्त असतात त्या दिवसांत शाळा, आणि शाळेला सुट्टी असते तेव्हा हॉटेलवाल्यांची दिवाळी. त्यात धाकटा दीड वर्षाचा आणि सासूबाई सत्तरीच्या. एका खोलीत पाच जण मावत नाहीत, आणि दोन खोल्यांचा मे महिन्यातला भाव ऐकून पंख्याखाली घरीच बसावंसं वाटतं.

नवऱ्याच्या ऑफिसात दोघातिघांनी टाइमशेअर घेतलं होतं. एकदा मोठी रक्कम भरायची, मग पंचवीस वर्षं दरवर्षी सात रात्री त्या कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहायचं, असा हिशेब. कल्पना तशी जुनी. युरोपात १९६०च्या दशकात ती रुजली. स्वित्झर्लंडमधली हापिमाग ही कंपनी १९६३ची. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ मध्ये आली आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये. म्हणजे आमच्या आईवडिलांच्या पिढीतल्या काहींनीही ही सभासदत्वं घेतली होती. पुढे ही गोष्ट आमच्या उपयोगी पडली.

पण सुरुवात झाली ती मॉलमधल्या कुपनाने. ‘अभिनंदन, तुम्हाला तीन दिवसांची मोफत सहल लागली आहे, अट एवढीच, पतिपत्नी दोघांनीही यायचं.’ रविवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये गेलो. गोल टेबलं, मोठ्या आवाजात गाणी, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक टाय लावलेला मुलगा. मधूनच कुठल्यातरी टेबलावर सही झाली की सगळे टाळ्या वाजवत. धाकटा प्रत्येक टाळीला दचकून रडायचा. आमच्या वाट्याला आलेला मुलगा गोड बोलत होता. मुलांना चॉकलेट दिलं, केरळपासून हिमाचलपर्यंतचे फोटो दाखवले, आणि म्हणाला, “मॅडम, मुलांच्या आठवणींची किंमत करता येते का?”

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. मला किंमत करता येते. कागद मागून घेतला आणि त्याच्यासमोरच मांडली. समजा पाच लाख भरले. पंचवीस वर्षांत वाटले तर वर्षाला वीस हजार, सात रात्रींना भागलं तर रात्रीला २,८५७ रुपये. इथवर त्याचाही हिशेब तोच होता. पण वार्षिक देखभाल शुल्क वेगळं. ते वीस हजार धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६००. रात्रीला आणखी ३,३७१. झाले सव्वासहा हजार, आणि अजून कोणी जेवलेलं नाही. शिवाय तेच पाच लाख सात टक्क्यांनी ठेवीत ठेवले तर वर्षाला ३५,००० व्याज येतं आणि मुद्दल जागेवर राहतं. इथे मुद्दल गेलं. व्याज आणि शुल्क मिळून रात्रीला ८,३७१ रुपये. देखभाल शुल्क दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढलं, तर विसाचं पंचविसाव्या वर्षी ऐंशी हजारांच्या वर जातं. तेव्हा थोरली तिशीत असेल आणि तिचं सासर ठरवेल ती सुट्टीत कुठे जाणार.

मुलगा म्हणाला, “मॅडम, हॉटेलचे भावसुद्धा वाढतील ना.” मुद्दा बरोबर होता आणि मी तो मान्यही केला. हॉटेल ज्या वर्षी परवडत नाही त्या वर्षी जायचं नाही, एवढी सोय असते. हे शुल्क मात्र गेलात तरी भरायचं आणि नाही गेलात तरी. मग मी नियमावली मागितली. “ती सही झाल्यावर घरी येते.” सवलत मात्र फक्त आजच्या रात्रीपुरती. आम्ही उठलो. लागलेली मोफत सहल नोंदणी शुल्क भरून, सोमवार ते गुरुवार, सुट्ट्यांचे दिवस वगळून होती, तीही त्या हॉलमध्येच राहिली.

नवरा हिरमुसला. पण मला ती कल्पना टाकाऊ वाटली नव्हती, विकण्याची तऱ्हा वाटली होती. मी चार-पाच कंपन्यांच्या नियमावल्या मिळवल्या आणि धाकटा झोपला की वाचत बसायचे. लहान मुलं असलेल्या घराला यातली दोनच पानं महत्त्वाची असतात, आणि माहितीपुस्तिकेत नेमकी तीच बारीक टायपात असतात.

पहिलं पान हंगामाचं. सभासदत्व घेताना तुम्ही वर्षातला कोणता काळ विकत घेता, त्यावर किंमत ठरते. वरच्या हंगामाच्या सभासदाला खालच्या हंगामात जाता येतं, खालच्याला वर सहसा येता येत नाही. विकणारा नेहमी स्वस्त हंगाम पुढे करतो, कारण तो आकडा ऐकायला बरा वाटतो. मूल तीन वर्षांचं असताना तो परवडतो आणि पुरतोही. सहाव्या वर्षी तेच मूल शाळेला बांधलं जातं आणि तुमच्या हातात ऑगस्टमधल्या सात रात्री उरतात. काही ठिकाणी ठरावीक आठवडा मिळतो, दरवर्षी तोच. ‘दिवाळीचा घ्या’, असं एकाने फोनवर सुचवलं. दिवाळी काय इंग्रजी तारखेने येते? २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला. ठरावीक आठवडा ही स्कीच्या हंगामासाठी आल्प्समध्ये जाणाऱ्यांची सोय. पंचांग बघून सुट्टी ठरणाऱ्यांनी तिच्या नादी लागू नये.

दुसरं पान खोलीत किती माणसं राहू शकतात त्याचं. स्टुडिओ म्हणजे दोन मोठे आणि दोन लहान, आणि ‘लहान’ची व्याख्या बाराव्या वर्षी संपते, असं मी वाचलेल्या बहुतेक नियमावल्यांत होतं. आजीला कुठे बसवायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. जास्तीच्या माणसाचे पैसे, जास्तीची गादी, तिचे पैसे. आम्हाला एक बेडरूम, बाहेरची खोली आणि स्वयंपाकाचा ओटा एवढं लागणारच होतं.

रिसॉर्ट किती आहेत, शंभर की दीडशे, याने आमचं काही अडत नव्हतं. दीड वर्षाच्या मुलाला घेऊन पुण्याहून गाडीने चार तासांच्या पलीकडे जाणं मला झेपत नाही. ज्यांना झेपतं त्यांना नमस्कार. वाई सोडून पसरणीचा घाट सुरू झाला की थोरलीला मळमळतं, तिसऱ्या वळणाला पिशवी लागते. गणपतीपुळे, तारकर्ली, गोवा ही पुढची मजल. दुसऱ्या कंपन्यांच्या रिसॉर्टशी अदलाबदल करता येते, त्यासाठी १९७४ मध्ये सुरू झालेली आरसीआय ही मोठी संस्था आहे, थायलंडलाही जाता येतं, हे सगळं खरं. मात्र त्याची वर्गणी निराळी, आणि विमानाची पाच तिकिटं काही अदलाबदलीत येत नाहीत.

काही ठरवण्याआधी पैसे भरून एका रिसॉर्टमध्ये साधे पाहुणे म्हणून राहायचं, हे सासूबाईंनी सुचवलं. “स्थळ बघायला जातो तेव्हा घर बघून येतोच ना,” त्या म्हणाल्या. महाबळेश्वरच्या वाटेवर एका ठिकाणी राहिलो. खोलीत सामान ठेवण्याआधी सासूबाई बाल्कनीत गेल्या आणि कठड्याच्या दोन गजांमध्ये आडवी मूठ घालून बघितली. मूठ अडकली. “डोकं जाणार नाही,” म्हणाल्या आणि मग चहा घेतला. मी नळ बघितले. गरम पाण्याचा नळ खाली, धाकट्याच्या हाताच्या टप्प्यात, आणि पाणी चटका बसेल इतकं कढत. तो आम्ही रुमाल गुंडाळून सुतळीने बांधून टाकला. ओट्यावर इंडक्शनची शेगडी, दोन भांडी, एक बोथट सुरी. मुगाची खिचडी आणि नाचणीची पेज होण्याइतकं पुरेसं होतं. कुकर घरून नेला होता, ते बरं केलं. जेवणघर रात्री आठला उघडायचं. आमची पोरं साडेसातला डोळे चोळायला लागतात. आठ वाजता तिथल्या गर्दीत रडणाऱ्या मुलांना बुफेच्या रांगेत कडेवर घेऊन उभे असलेले आईबाप बघितले आणि ओटा नसलेली खोली कितीही स्वस्त असली तरी घ्यायची नाही, हे ठरून गेलं.

मुलांच्या खेळघराची जाहिरात फार असते. तीन वर्षांखालच्या मुलांबरोबर आईबापांपैकी एकाने बसायलाच लागतं, हे तिथे गेल्यावर कळलं. थोरली मात्र तिथून हलेना. मातीचे दिवे रंगवले, दोन मैत्रिणी मिळवल्या, पोहायच्या तलावात ओठ निळे होईपर्यंत बसली. मी खोलीच्या दारात बसून दुपारभर पुस्तक वाचलं. हे मुद्दाम लिहिते, कारण वरचे आकडे वाचून कोणाला वाटेल की मला हा प्रकार आवडतच नाही. आवडतो. एकाच जागी चार दिवस, मुलं ओरडली तरी शेजारच्या खोलीतलीही ओरडत असल्यामुळे कोणी डोळे वटारत नाही, हे सुख हॉटेलात मिळत नाही.

संध्याकाळी तिथल्या जुन्या सभासदांशी गप्पा मारल्या. हे प्रत्येकाने करावं. विक्रेत्याला विचारण्याचे प्रश्न त्यांना विचारावेत. नाशिकच्या एक बाई म्हणाल्या, मेचं आरक्षण ज्या दिवशी उघडतं त्या दिवशी सकाळी चहाआधी बसायचं. दुपारी काही उरत नाही. हैदराबादचे एक गृहस्थ म्हणाले, मुलं कॉलेजला गेली, आता आम्ही दोघंच येतो, आणि जेवणाचं बिल खोलीपेक्षा जास्त होतं.

त्यांचं ऐकता ऐकता मला आमच्या सोसायटीतले काका आठवले. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी वरच्या हंगामाचं, एका बेडरूमचं सभासदत्व घेतलं होतं. आता गुडघे चालत नाहीत, मुलगा कॅनडात, आणि देखभाल शुल्काची पावती आली की काकूंचा पारा चढतो. दहा वर्षं शिल्लक होती. दहा! थोरली पहिलीत. आमच्याकडे दहावीच्या वर्षी कोणी सहलीला जात नाही, नववीची परीक्षा संपली की क्लास सुरू होतात. आम्हाला सुट्टी हवी होती ती पहिलीपासून दहावी लागेपर्यंत एवढीच, आणि तीही शाळेला सुट्टी असते तेव्हाची. मी नियमावली वाचलेली कोणतीही कंपनी नवीन सभासदत्व असं कापून देत नव्हती. काकांकडे ते आयतं कापलेलं पडलं होतं.

“काका, विकताय का?” म्हटल्यावर ते क्षणभर बघतच राहिले. मग काकू आतून म्हणाल्या, “तिला चहा टाकते, तोवर कागद काढा.” व्यवहार नव्या सभासदत्वाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी पैशात झाला. त्यावर कंपनीचं हस्तांतर शुल्क पडलं. ते धरूनही माझ्या कागदावरचा रात्रीचा भाव मे महिन्यातल्या दोन खोल्यांपेक्षा खाली आला. जुलैतल्या खोलीपेक्षा तो महागच आहे, पण जुलै आता आमचा राहिलेला नाही.

नवीन सभासदत्व घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. युरोपीय संघात २००८च्या निर्देशानुसार सही केल्यावर चौदा दिवसांत करार विनाकारण मोडता येतो. इथे अशी मुदत करारात लिहिलेली असेल तरच मिळते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र कामाचा आहे. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आणि विचारपूस करायला १९१५ हा क्रमांक आहे.

जुनं सभासदत्व घेणार असाल तर तीन कागद आधी मागून घ्या: देखभाल शुल्काची थकबाकी नसल्याचं कंपनीचं पत्र, शिल्लक रात्रींचा उतारा, आणि नव्या सभासदालाही तोच हंगाम आणि तीच खोली मिळेल असं लेखी उत्तर. तिसऱ्या कागदासाठी आम्हाला बरेच ईमेल लिहावे लागले. तो हातात आल्यावरच काकांना चेक दिला.