पत्रादेवीहून परतल्यावर

बांदा,
१९ ऑगस्ट

चि. बाय,

परवा गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी पाऊस चुकवत उभे होतो, तेव्हा तू सहज म्हणालीस, "काका, गोवा शेवटी लष्करानंच घेतला ना? मग ही माणसं फुकटच गेली म्हणायची." ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हणून मी काही बोललो नाही. खरं सांगू? हॉर्नचं निमित्त झालं. उत्तर तयार नव्हतं.

ही माणसं गेली त्या १५ ऑगस्ट १९५५ ला मी सात वर्षांचा होतो. मला सगळ्यात जास्त आठवतो तो चिखल. आमच्या पडवीत सत्याग्रहीच सत्याग्रही, कुणाची भाषा कुणाला कळेना, आणि आई टोपातून उकड्या तांदळाची पेज वाढतेय. एका सरदारजींनी त्या पेजेकडे असं काही पाहिलं की आईला हसू आवरेना. मग त्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या. सकाळी सगळे घोषणा देत हद्दीकडे गेले. दुपारनंतर माणसं परतू लागली, काही दुसऱ्यांच्या खांद्यांवरून. आईनं आम्हा पोरांना माजघरात कोंडलं, त्यामुळे पुढचं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. हजारो निःशस्त्र लोक त्या दिवशी ठिकठिकाणांहून पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात शिरायला निघाले होते. पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक जण मेले. सागरच्या सहोद्राबाई राय यांना हातात झेंडा असताना गोळ्या लागल्या; त्या वाचल्या, पुढे लोकसभेवर निवडून गेल्या.

सत्याग्रहानं समोरच्याच्या मनाला पाझर फुटतो, असं मी बत्तीस वर्षं वर्गात शिकवलं. इथे तो फुटला नाही. आपल्याकडून तासाभराच्या वाटेवरच्या शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा इंग्रजांनीही हात राखला नव्हता. पण त्या चळवळीच्या बातम्या मुंबईची वर्तमानपत्रं छापत, आणि लंडनच्या पार्लमेंटात कुणीतरी उठून प्रश्न विचारी. हुकूमशहा सालाझारच्या लिस्बनमध्ये विचारणार कोण? तिथे खुद्द पोर्तुगीज माणसाला तोंड उघडायची चोरी. गोव्यात तर लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून मग छापायची. फेब्रुवारी १९५४ मधली गोष्ट. म्हापशाचे सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीला गेले होते. गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं एक वक्ता बोलला. गायतोंड्यांनी तिथल्या तिथे निषेध केला, एवढंच. तेवढ्यावर त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला रवानगी. नानासाहेब गोरे १९५५ च्या मे महिन्यात सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले, मार खाल्ला, वर दहा वर्षांची शिक्षा. असेच आत शिरलेल्या मधू लिमयांना बारा. दोघेही १९५७ मध्ये सुटले, पण शिक्षा सुनावणाऱ्यांना ते कुठे ठाऊक होतं!

मग हा सगळा खटाटोप कुणासाठी? माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांड. हाक लिस्बनला घातली होती, ती ऐकू गेली दिल्लीला. नेहरू सगळ्या जगाला शांततेचं सांगत होते, आणि स्वतःच्या दारातला प्रश्न त्यांना अवघड जागेचं दुखणं झाला होता. १९५४ च्या १५ ऑगस्टला त्यांच्या सरकारनं फक्त गोवेकरांनाच आत जाऊ दिलं. ५५ च्या गोळीबारानंतर सप्टेंबरात सामुदायिक सत्याग्रहच बंद केला आणि हद्दीची नाकेबंदी आवळली. तिचा चटका कुणाला बसला? मुंबईत आचारी म्हणून राबणाऱ्या गोवेकरांच्या घरच्यांना. खाणींचं लोहखनिज जपानला जातच होतं, त्यामुळे राज्यकर्त्यांचं फार अडलं नाही. ही नाकेबंदी मला कधीच पटलेली नाही. पण पत्रादेवीच्या मृतांनंतर हा विषय दिल्लीला बासनात बांधून ठेवता येईना, हेही खरं.

दुसरं एक काम मात्र निव्वळ सत्याग्रहींचं. गोव्यातले ख्रिस्ती आमच्या राज्यात सुखी आहेत, भारतालाच जमिनीची हाव आहे, असं पोर्तुगाल जगाला सांगे; ते त्यांनी खोटं पाडलं. ५४ साली तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावणाऱ्या तुकडीचा पुढारी होता आल्फ्रेड आफोंसो. नाव नुसतं मोठ्यानं वाचलं तरी पुरे!

१८ डिसेंबर १९६१ ला सैन्य शिरलं, दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. अहिंसेचं सांगणाऱ्यांनीच बंदूक उचलली, म्हणून पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी नेहरूंना टोमणे मारले. सुरक्षा समितीत भारताविरुद्धचा ठराव रशियाच्या नकाराधिकारानं पडला. पण त्या ठरावाच्या विरोधात सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे तेव्हाचा इजिप्त, हेही होते. भारतानं चौदा वर्षं वाट पाहिली आणि त्यात माणसं गमावली, हे त्यांच्या लक्षात असावं, असा माझा अंदाज.

तरीही लष्कर आलं हे सत्याग्रहाचंच यश, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि तुझं 'फुकट' ऐकून घेववत नाही. या दोहोंच्या मध्येच मी अडकलोय बघ, सत्तरी उलटून गेली तरी.

दिवाळीत येशील तेव्हा तेरेखोलला जाऊ. केरीहून फेरीबोट आहे, पण आपण आरोंद्याच्या बाजूनं जाऊ. आफोंसोची तुकडी चालत गेली असेल ती वाट शोधायची आहे मला. तुझ्या काकीला मात्र गुडघ्याचं कारण सांगून घरीच ठेवायचं, नाहीतर ती मलाच थांबवील. आणि त्या शहरी चपला नकोत, बूट घाल.

तुझा
काका